खांद्यावरचं पंक्चर

अण्णा,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं, ते लिहायला मन धजत नाही. पण आता निदान तुमच्याशी तरी खरं बोलायचं ठरवलंय. सुटलो, असं वाटलं. फार तर अर्धं मिनिट. मग सुजाताचा चेहरा दिसला, फोन धरलेला तिचा हात दिसला आणि रडू आलं. तेही खोटं नव्हतं. तुम्ही मला फार आवडायचात. पण रडण्याआधीचं ते अर्धं मिनिट माझंच होतं. त्या टायरचं खरं काय ते आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांतला एक आता बोलणार नव्हता.

आपली पहिली भेट आठवते का? ठाण्यात, खोपटला, तुमच्या घरी. लग्नाचं बोलायला आलेलो. तुम्ही विचारलंत, "कॉलेजात काय शिकवता?"

"फिजिक्स."

"म्हणजे हवेचा दाब वगैरे?"

"हो, तेही असतं."

"मग जमेल आपलं," तुम्ही म्हणालात. "मी पण जन्मभर हवाच भरतोय."

एसटीच्या वर्कशॉपात तुम्ही टायर सेक्शनला होतात. पंक्चर झालेलं टायर समोर आलं की ते दुरुस्त करून परत गाडीला लावायचं की कायमचं बाद करायचं, हे तुम्ही ठरवायचात. बाद म्हटलं की खडूने मोठी फुली. मग ड्रायव्हर कितीही वैतागला तरी ती फुली पुसली जायची नाही. हे सगळं मला सुजाताने सांगितलं, तेही किती अभिमानाने. आणि मी काय केलं? कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "सासरे काय करायचे?" मी म्हणालो, "एसटीत होते." "ऑफिसात?" मी मान हलवली. साधी मान हलवली, अण्णा. तेवढ्यानेच तुमचे काळे हात मी झाकून टाकले.

आणि तुमच्याकडून घ्यायला मात्र मला कधी लाज वाटली नाही. एका मे महिन्यात आपला वाद झालेला. उन्हात टायर तापलं, आतली हवा वाढली, तर थोडी काढून टाकावी की नाही? मी कागदावर सूत्रं मांडून तुम्हाला दाब आणि तापमान समजावत होतो. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ते बरोबरच असेल तुमचं. पण हवा कमी झाली की टायर जास्त वाकतं. जास्त वाकलं की जास्त तापतं. म्हणजे थंड करायला गेलात आणि आणखी तापवलंत."  दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात हेच उदाहरण दिलं. मुलं खूश झाली. कुणाचं उदाहरण आहे, ते मी सांगितलं नाही.

आम्ही डोंबिवलीहून गाडी घेऊन आलो की तुम्ही आधी जिना उतरून खाली यायचात. आईंनी टाकलेला चहा वर उकळत असायचा आणि तुम्ही खाली उकिडवे बसून चारही टायरवरून हात फिरवायचात, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "मिलिंदराव, पुढचं डावं जरा आतून झिजतंय. अलाइनमेंट बघा." मला कंटाळा यायचा. बिल्डिंगमधली माणसं बघतायत, असं वाटायचं. आज सांगतो, त्या हात फिरवण्याच्या भरवशावर मी सात वर्षं गाडी चालवली.

मग ते एप्रिलातलं पंक्चर. चौदा तारखेची जयंती नुकतीच झालेली, तुम्ही आणि आई चार दिवस आमच्याकडे राहायला आलेलात. संध्याकाळी कल्याणहून येताना मानपाडा रोडवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मला कळलं होतं. पण मागे गाड्यांची रांग होती, हॉर्न वाजत होते, स्टेपनी जुनी झालेली, आणि रस्त्यात उतरून जॅक लावणं मला नको होतं. मी तसाच घरापर्यंत आलो. दीड किलोमीटर तरी असेल.

सकाळी तुम्ही खाली उतरलात. चाक थोडं थोडं फिरवून स्क्रू शोधून काढलात. पट्ट्याच्या अगदी कडेला, जिथे टायर बाजूच्या भिंतीकडे वळतं तिथे.

"इथे नको होता," तुम्ही म्हणालात.

"स्क्रू कुठेही घुसतो, अण्णा."

"मधे घुसला असता तर आतून पॅच लावून निघालं असतं. जमिनीला टेकतो तो मधला पट्टा जाड असतो, त्यात तारा असतात. हा खांदा आहे. प्रत्येक फेऱ्याला वाकतो. इथे लावलेलं काही धरत नाही." मग माझ्याकडे बघून विचारलंत, "हवा गेल्यावर किती चालवली?"

"इथेच, नाक्यावर कळलं."

पहिलं खोटं ते.

तुम्ही ऐकलं नाहीत. स्टेपनी लावून टायर दुकानात घेऊन गेलोच आपण. रिमवरून उतरवायला लावलंत, आत हात घातलात आणि भिंतीवरून बोटं फिरवून बाहेर काढलीत. बोटांवर काळी भुकटी होती. रबराचा चुरा.

"हे बघा. हे आतून भाजलंय. नाक्यावरून आलेली गाडी नाही ही, मिलिंदराव. बरीच चाललीय." आवाजात राग नव्हता. वर्कशॉपात जसं बोलत असाल तसंच बोललात. "आता भोक कुठेही असो, हे टायर गेलं. स्टेपनीला पण ठेवू नका."

दुकानदार म्हणाला, "काका बरोबर बोलतायत. पण या साइजचं आज नाही, उद्या मागवतो."

दुकानात आणखी दोघेतिघे उभे होते. त्यांच्यातला एक माझ्या विद्यार्थ्याचा बाप. माझी चोरी पकडलेली, तीही त्याच्यासमोर. आणि मी म्हणालो, "अण्णा, हे एसटीचं वर्कशॉप नाहीये. आता ट्युबलेस टायरं असतात, तंत्र बदललंय. प्रत्येक गोष्टीत तुमचा डेपो आणू नका."

तुम्ही रुमाल काढलात, एकेक बोट पुसलंत आणि बाहेर जाऊन पत्र्याच्या सावलीत उभे राहिलात. तुम्ही पाठमोरे उभे होतात, तेव्हाच मी माफी मागायला हवी होती. दोन पावलांचं अंतर होतं. मी दुकानदाराला म्हणालो, "ते परत रिमवर चढवून डिकीत टाका. उद्या बघतो."

उद्या काय बघितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आणि आई सकाळीच ठाण्याला गेलात. मी कॉलेजला जाताना रस्त्याकडेच्या एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्यानेसुद्धा मान हलवली. "साहब, किनारी पे है. गॅरंटी नहीं."

"डाल दो," मी म्हणालो.

त्याने टोच्याने भोक मोठं केलं, चिकट रबराची पट्टी आत खुपसली, वरचं शेपूट कापलं, थुंकी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. आले नाहीत. मी त्याला ते चाक पुढे डावीकडे लावायला सांगितलं.

नवीन टायर घेणं मला जड नव्हतं, अण्णा. वेळही होता. मला तुम्ही चुकलेले हवे होतात. रोज सकाळी मी पायाने ते टायर दाबून बघायचो, हवा असायची, आणि मला आनंद व्हायचा. शिकलेल्या माणसाला असा आनंद होतो, हे मी कुणाला सांगू?

रविवारी तुमचा फोन आला. "बदललंत का?"

"हो, दुसऱ्याच दिवशी."

"जुनं काय केलं?"

"दुकानात दिलं."

"कापायला सांगितलंत ना? नाहीतर कुणीतरी परत लावतं."

"सांगितलं."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो दुकानात. मनावर घेऊ नका." तुम्ही बोलला नव्हतात, मी बोललो होतो. आणि माफी तुम्ही मागितलीत. मी म्हणालो, "छे, छे, अण्णा, असू दे." असू दे! मोठ्या मनाने माफ केल्यासारखं.

तीन आठवड्यांनी कल्याणला सुजाताच्या मावसबहिणीच्या बाळाचं नामकरण होतं. सुजाता आणि आमची लेक आर्या आदल्या दिवसापासून खोपटलाच होत्या. आईंचे गुडघे दुखतात म्हणून मी गाडी घेऊन आलो. दुपारचे बारा वाजलेले, मे महिन्याचं ऊन, डांबर वितळायला आलेलं. तुम्ही खाली आलात, सवयीने पुढच्या चाकाशी थांबलात.  तेवढ्यात सुजाता ओरडली, "अण्णा, आता नको हं! उशीर झालाय." तुम्ही हसलात. "बघायचं काय त्यात, नवीनच आहे," म्हणालात आणि दार उघडून माझ्या शेजारी बसलात.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. रिक्षाने जाऊ, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी गाडी सुरू केली.

मुंब्रा बायपासचा उतार संपत आलेला, शीळफाटा समोर दिसायला लागलेला. आधी आवाज आला, मग गाडी डावीकडे खेचली गेली. माझा पाय ब्रेककडे गेला.

"मिलिंद, ब्रेक नको! पाय काढ! सरळ धर!"

इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा अरेतुरे केलंत. तुमचा उजवा हात स्टिअरिंगवर आला, माझ्या हातांच्या मधे. मागून ट्रक हॉर्न वाजवत उजवीकडून निघून गेला. मी ब्रेक मारला असता तर तो आपल्या अंगावर आला असता, हे मला नंतर, दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर कळलं. गाडी हळू होत गेली, डावं चाक कठड्यावर आदळलं आणि स्टिअरिंगने जोरात हिसका दिला. काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज आला. तुमचं मनगट होतं ते.

मागे आर्या रडत होती. आईंनी तिला छातीशी धरलेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तुम्ही मोडलेला हात मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसलात आणि समोर त्या टायरच्या चिंध्या. एका तुकड्यातून कापलेल्या रबरी पट्टीचं टोक बाहेर आलेलं. तुम्ही ते बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. मी मान खाली घातली.

सुजाता धावत आली. "अण्णा, नवीन टायर असं कसं फुटलं?"

तुम्ही चपलेने तो तुकडा उलटा केलात. "रस्त्यात काहीतरी लोखंड होतं," तुम्ही म्हणालात. "नवं काय, जुनं काय. नशीब लागतं."

जन्मभर एकाही टायरबद्दल खोटं न बोललेला माणूस तिथे भर उन्हात, मोडक्या हाताने, माझ्यासाठी खोटं बोलला. आणि मी तुम्हाला बोलू दिलं.

पुढच्या सगळ्याचा साक्षीदार मी आहे. प्लास्टर निघालं, पण दोन बोटं ताठच राहिली. डॉक्टर म्हणाले, वयामुळे. तुम्ही पौर्णिमेला विहारात पेटी वाजवायचात. पुढच्या जयंतीला तुम्ही पेटीसमोर बसलात, चार सूर वाजवलेत आणि शेजारच्या माणसाकडे सरकवलीत. "आता तुम्ही घ्या," म्हणालात. मी तिसऱ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवत होतो.

मी तुम्हाला फिजिओथेरपीला न्यायचो, फळं आणायचो, फॉर्म भरून द्यायचो. सुजाता मैत्रिणींना सांगायची, "मिलिंद अण्णांचं मुलासारखं करतो." तुम्ही ते ऐकायचात आणि काही म्हणायचा नाहीत. तुम्ही पुन्हा मला 'मिलिंदराव' म्हणायला लागलात. आणि आमची गाडी आली तरी जिना उतरून खाली आला नाहीत. एकदाही नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं.

एकदा प्रयत्न केला मी. तुम्ही गॅलरीत बसून डाव्या हाताने मटार सोलत होतात. मी म्हणालो, "अण्णा, त्या टायरचं मला..."

तुम्ही वर बघितलं नाहीत. "मिलिंदराव, मला माहीत आहे. मला सांगून काय होणार? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सुजाताला?"

"तिची आई आणि मुलगी मागे बसलेली होती. तिला विचारायचा हक्क आहे." मग थोडं थांबून म्हणालात, "मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही सांगा. पण सांगा."

यावर मी "हो" म्हणालो. त्याला पावणेदोन वर्षं झाली. आधी आर्याची परीक्षा होती, मग आमच्या मजल्यावर रंगकाम होतं, मग तुमची अँजिओग्राफी. कारणं कधी कमी पडली नाहीत. तुम्ही दारात भेटलात की माझ्या तोंडाकडे बघायचात आणि समजायचात. पुन्हा विचारलं मात्र नाहीत.

मग तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा दिवस. विहारात साठेक माणसं. भंतेजींचं सूत्रपठण झालं, नातेवाइकांचं बोलून झालं. मग तुमच्याबरोबर वर्कशॉपात काम केलेले जाधवकाका माईकवर आले. तुमच्याबद्दल भरभरून बोलले. शेवटी म्हणाले, "एवढा टायरचा माणूस, पण बघा, स्वतः बसलेल्या गाडीचंच फुटलं. मला म्हणायचा, जाधव, त्या दिवशी नजर चुकली माझी, खाली वाकून बघितलं नाही. फार लागलं होतं त्याच्या मनाला." लोक हळहळले. एकदोघं प्रेमाने हसलेही.

तुम्ही मित्राजवळसुद्धा दोष स्वतःकडे घेतला होतात, अण्णा. हे मला माहीत नव्हतं.

मी उठलो. ठरवलं नव्हतं. माईक घ्यायला गेलो नाही, जागेवरूनच बोललो. "काका, अण्णांची नजर चुकली नव्हती. ते टायर नवीन नव्हतं. अण्णांनी बाद केलेलंच टायर मी दुरुस्त करून पुन्हा लावलेलं. त्यांना बदललं म्हणून खोटं सांगितलेलं. त्यांचा हात माझ्यामुळे गेला."

 जाधवकाका माईक धरून तसेच उभे.  शेवटी आई म्हणाल्या, "बसा खाली. माणसं जेवायची थांबलीत."

 सुजाता पदर खोचून वाढायला उठली. सगळ्या पंक्तीला वाढलं तिने. माझ्यापाशी आली तेव्हा "भात?" एवढंच विचारलं, परक्या पाहुण्याला विचारावं तसं.

मला त्या क्षणी हलकं वाटलं, हेही सांगतो. घरी आल्यावर त्याचीच लाज वाटली. तुम्ही चारचौघांत सांगा म्हणाला नव्हतात. तिला सांगा म्हणाला होतात.

सुजाता आणि आर्या तेव्हापासून खोपटला आहेत. शाळेला सुट्टी आहे, आईंना सोबत हवी, ही कारणं खरीच आहेत. मी डोंबिवलीच्या घरात एकटा आहे. काल त्यांचे कपडे द्यायला आलेलो. सुजाता जिन्यातच भेटली. पिशवी घेतली, पण वर ये म्हणाली नाही.

"मला एकटीला सांगायला दोन वर्षं जमलं नाही," ती म्हणाली, "आणि साठ माणसांसमोर जमलं?"

ती एक पायरी चढली आणि थांबली.

"एकच विचारते. आर्या मागे बसली तेव्हा तुला आठवण होती? ते टायर तसलं आहे याची?"

विसरलो होतो, असं म्हणता आलं असतं. तिलाही कदाचित तेच ऐकायचं होतं. विसरलेल्या माणसाला माफ करता येतं.

"होती," मी म्हणालो.

 वरून आर्या हाक मारत होती. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती दोन पायऱ्या चढली आणि मागे न वळता म्हणाली, "शनिवारी आम्हाला न्यायला ये. गाडी आणू नकोस."

अण्णा, आज शुक्रवार आहे.